ओला तळवा घेऊन भांडगावला

शिरूर

बैल घेण्याआधी तो चालवून बघतात. उभा बैल कुणाचाही देखणा दिसतो. त्याला चढावर पळवायचा, थांबवायचा आणि पुढच्या पायाच्या मागे छातीला हात लावून उभं राहायचं. श्वास किती वर गेला याला महत्त्व नाही, पळाल्यावर तो जाणारच. थांबल्यावर किती लवकर खाली बसतो ते बघायचं. उमेदीची सगळी वर्षं मी हेच काम केलं. गेल्या पावसाळ्यात शिरूरच्या एका दवाखान्यात माझ्या छातीला वायरी चिकटवून मला फिरत्या पट्ट्यावर चालवलं, तेव्हा बैलाच्या जागी मी होतो आणि मी काही चांगला माल निघालो नाही.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. कागदावरच्या रेघा बघत म्हणाल्या, "काका, चालताना ठोके वाढले ते ठीक आहे. थांबल्यावर ते उतरायला हवेत. तुमचे उतरत नाहीत. तुम्ही खुर्चीवर बसलात तरी शरीर पळतंयच."

"कुणाच्या मागं?"

"ते तुम्ही सांगा. राग फार येतो का?"

माझी बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, "ह्यांना कशाचा येत न्हाई ते इचारा बाई. यादी लौकर संपंल."

गोळ्या मिळाल्या, मीठ गेलं, आणि रोज पहाटे शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारणं आलं. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलीने मनगटाला बांधायला घड्याळ पाठवलं. ठोके वाढले की ते मनगटावर गुरगुरतं. हिवाळा लागेपर्यंत पोट उतरलं, जिना चढताना लागणारी धाप गेली, डॉक्टरीणबाई खूश झाल्या. पण एक नाव घरात कुणी चुकून काढलं, की मी जेवत असलो तरी घड्याळ गुरगुरायचं. ते नाव सोपानचं.

आम्ही दोघे मिळून बैलांचा व्यापार करायचो. मी शिरूरच्या बौद्ध वस्तीतला, तो भांडगावच्या बागायतदार घरातला. काष्टीच्या बाजारात आमची ओळख झाली. तो मला आधी "जय भीम" घालायचा, मग मी त्याला "रामराम" घालायचो, आणि त्यात कधी चूक झाली नाही. बैलांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि खाली बोटं दाबून काय तो सौदा करायचा. आजूबाजूला माणसं दाटीने उभी असतात, पण कुणाला काही कळत नाही. माझ्या आजोबांच्या हातात लोक पैसे वरून टाकायचे. त्यांचा नातू टॉवेलखाली मोठमोठ्या बागायतदारांचा हात घट्ट धरून बसायचा. मला तो टॉवेल का आवडत होता हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. सोपानला सांगायची गरज पडली नाही.

माझ्यात एक खोट होती. चेहरा मी दगडासारखा ठेवू शकायचो, पण बैल मनात भरला की तळव्याला घाम फुटायचा. समोरच्याच्या हातात माझा हात, म्हणजे गुपित त्याच्याच हातात. हे पहिल्यांदा ओळखलं सोपानने. त्याचा स्वतःचा हात वाळल्या शेणीसारखा कोरडा. बैल कसाही असो, भाव कितीही चढो, कोरडा तो कोरडा. सौद्याला बसण्याआधी तो मला कानात सांगायचा, "बबन, माती चोळ हाताला."

मग एका बाजाराच्या दिवशी मी चहाच्या टपरीशी पोचलो, तर सगळे व्यापारी हसत होते आणि सोपान मधोमध बसला होता. त्या दिवसापासून मी 'ओला' झालो. "आला बघा ओला," असं म्हणून लोक हात पुढे करायचे आणि सोडायचेच नाहीत. बोटं दाबायच्या आधी तळवा चाचपायचे. त्या हंगामात मला एकही बैल भावात मिळाला नाही. मी बाजार सोडला, जुन्या ट्रॅक्टरच्या धंद्यात शिरलो आणि त्यात बैलांपेक्षा जास्त कमावलं. त्यामुळे लोक म्हणतात की सोपानने माझं भलंच केलं. लोकांना ते नाव कुणी ठेवलेलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, डोक्यात काही घट्ट धरून ठेवलं असेल तर सोडून द्या. मी फुकट काही सोडत नाही. मी ठरवलं, भांडगावला जायचं आणि सोपानला त्याच्या दारात, चार माणसांसमोर विचारायचं की का सांगितलंस. मागणी मोठी ठेवायची. गावासमोर माफी मागायला लावायची. मग उतरत उतरत एका शब्दावर तोडायचं. 'चुकलो' म्हणाला तरी चालेल, असं मनात धरलं होतं. आणि जायचं ते पायी. वाटेत राग थोडा जिरेल हा एक हिशोब, आणि उतारवयात मी कसा सडसडीत झालोय हे त्याने बघावं हा दुसरा.

निघताना बायको उंबऱ्यापर्यंत आली. "यष्टीनं जा की," म्हणाली. मी पिशवी खांद्याला लावली तेव्हा ती आणखी काही बोलणार होती, पण थांबली. "भेटल्यावर वरडू नका, येवढं करा," इतकंच म्हणाली. मला वाटलं, ती माझ्या तब्येतीच्या काळजीपोटी म्हणतेय.

न्हावरा

शिरूर सोडलं की माळ लागतो आणि मग हळूहळू पाण्याचा मुलूख. डाळिंबाच्या बागांवर पांढरी कापडं पांघरलेली, मध्ये कांद्याचे हिरवे वाफे, आणि जिथे पाट आहे तिथे ऊस. गाडीतून जाताना ऊस नुसता दिसतो. चालताना तो ऐकू येतो, आणि हल्ली त्या ऐकण्यात मजा राहिलेली नाही. वाटेत जो भेटला त्याने मला एकच सांगितलं, "बाबा, कडंनं जाऊ नका, मधून जावा. बिबट्या हाय."

मी मधून चाललो होतो तरी एका ठिकाणी उजव्या हाताच्या उसात काही तरी सरकलं. पान हललं, थांबलं, परत हललं. माझे पाय जागच्या जागी रोवले गेले, तळवे भिजले आणि घड्याळाने मनगटावर असा दंगा केला की त्या आवाजानेच जनावर येईल असं वाटलं. उसातून बाहेर आली एक डुकरीण, तिच्यामागे तिची पिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

पुढच्या वळणाला मी दगडावर बसलो आणि बैलाचा बघावा तसा माझाच श्वास बघत राहिलो. तो बसला. घड्याळही गप्प झालं. बिबट्याची भीती दगडावर बसेपर्यंत उतरली होती. सोपानचा राग इतक्या वर्षांत उतरला नव्हता. दवाखान्यातल्या रेघांचा अर्थ मला त्या दगडावर कळला.

न्हावऱ्याच्या चौकात एक बाई पाटीत पेरू घेऊन बसली होती. पेरू चांगले होते, पिवळट, आतून गुलाबी निघणारे. मी सवयीने तोंड वाकडं केलं.

"हे काय पेरू म्हणायचं? दगड हायेत."

"मग खाऊ नका, घर बांधा."

"निम्म्यानं दे."

"निम्मा पेरू देऊ का?"

मी उठलो, चार पावलं गेलो, परत आलो. ती ढिम्म. मी आणखी थोडं खाली मागितलं. आणि नेमकं तेव्हा मनगटावरचं घड्याळ गुरगुरायला लागलं.

"काय वाजतंय वो तुमच्या हातात?"

"काय न्हाई. काळीज जोरात पळालं की वाजतं."

तिने पदर तोंडाला लावला आणि पाटी हलेपर्यंत हसली. "म्हंजी पेरू आवडल्यात! घ्या बाबा, आता कमी न्हाई व्हायचं."

तिच्याच भावाने मी पेरू घेतले. चौकातल्या बाकावर बसून खाल्ले. गोड होते. जन्मभर चेहरा सांभाळला आणि म्हातारपणी मुलीने प्रेमाने पाठवलेलं यंत्र चौकात माझी चुगली करतं, याचं हसू यायला हवं होतं. मला टपरीवरचं ते हसणं आठवलं. त्या रात्री न्हावऱ्यातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे मुक्काम केला. भाकरी आणि झणझणीत शेंगदाण्याची आमटी होती, मीठ कमी घालायला सांगायची मला लाज वाटली.

पारगाव

दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आला. नवे बूट महाग घेतले होते, म्हणजे घासाघीस करून महागातले स्वस्तात घेतले होते, आणि ते माझ्यावर उलटले. नागरगावच्या पुढे लंगडतच भीमेच्या पुलावर आलो. पाणी संथ आणि शेवाळी. नदी ओलांडली की दौंड तालुका. माणसं तीच, बोली तीच, पण पाहुणचारात थोडा फरक. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी चहा विचारतात. इकडे गुऱ्हाळाच्या दिवसांत तांब्याभर रस पुढे येतो आणि नको म्हटलं तर माणसं रुसतात.

पुलापलीकडच्या एका गुऱ्हाळावर मी फोड झालेला पाय घेऊन बसलो तेव्हा तसंच झालं. मोठ्या कढईत रस उकळत होता, उत्तरेकडून आलेली माणसं लांब दांड्यांनी तो ढवळत होती. धुराला उसाच्या चिपाडाचा आणि गुळाचा वास होता, आणि सगळ्या अंगाला तो चिकटत होता. एकाने माझा पाय बघून गरम पाण्याचं घमेलं आणून ठेवलं. "चाचा, पैर डालो. इतना चल के कहाँ जा रहे हो?" मी भांडगाव म्हटलं तर त्याने कपाळाला हात लावला. "बस नहीं मिली?"

गुऱ्हाळाचे मालक माझ्याच वयाचे, त्यांना सगळे आप्पा म्हणत होते. त्यांनी विचारलं, "भांडगावात कुणाकडं?"

"सोपानकडं. बैलांचा व्यापार करायचा तो."

आप्पांनी हातातली गुळाची ढेप खाली ठेवली. "त्यांच्याकडं चाललाय व्हय? बघायला?"

"बोलायला."

"बोलणार कसं? तुम्हांला ठाऊक न्हाई का? दोन दिवाळ्या झाल्या की. उजवं अंग गेलं त्यांचं. हात गेला आन् जीभ बी गेली. सगळं कळतं, पर शब्द येत न्हाई."

मी मनगटाकडे बघितलं. त्याच्या नावाला हमखास गुरगुरणारं घड्याळ गप्प होतं. तळवे चाचपले. कोरडे.

बायकोला हे माहीत होतं. शिरूरात पुष्कळांना माहीत असणार. पण त्याचं नाव माझ्यासमोर काढायची कुणाची छाती नव्हती, आणि ती सोय मीच करून ठेवली होती. आप्पा म्हणाले, "मुक्काम करा, उद्या पोरगा मोटरसायकलीवर सोडंल." मुक्काम केला. मोटरसायकल नको म्हटलं.

सकाळी पायाला फडकं बांधून निघालो. केडगावच्या अलीकडे एका लिंबाखाली थांबलो आणि परत फिरावं असं मनात आलं. सौदाच राहिला नव्हता. जो 'चुकलो' म्हणणार होता त्याला म्हणता येत नव्हतं, आणि ज्याला म्हणता येत नाही त्याच्याकडे मागायचं काय? न्हावऱ्यापासून मनात जुळवत आणलेली सगळी भाषणं मी एक एक करून आठवून पाहिली. चांगली होती. बाजारात ती लाखात गेली असती. कितीतरी वर्षं शिरूरहून रोज गाड्या इकडे येत होत्या. कुठल्याही दिवशी मी बसलो असतो, तर तो मला तोंडावर शिव्या तरी देऊ शकला असता.

मी चालत राहिलो. तेवढंच शिकलो होतो मैदानावर, की पाय दुखला तरी पुढचा टाकायचा.

भांडगाव

सोपानचं घर हमरस्त्यापासून आत, उसाला लागून. ट्रकांचा आवाज तिथपर्यंत येतो. गोठ्यात आता दोन जर्सी गायी. ज्या खुंट्याला खिलारी जोड्या असायच्या तिथे पाण्याची टाकी ठेवली आहे. ओसरीत खाटेवर तो बसला होता, मागे उशा लावून. मी सडसडीत होऊन गेलो होतो आणि तो माझ्याहून सडसडीत झाला होता. त्याने मला बघितलं. तोंडाची डावी बाजू हलली, उजवी तशीच राहिली. घशातून लांब आवाज आला, त्यात शब्द नव्हता.

पहिल्यांदाच मला आधी बोलावं लागलं. मी "रामराम" म्हटलं. त्याचा डावा हात कपाळाकडे निम्मा उठला.

वहिनी बाहेर आल्या. त्यांनी मला ओळखायला वेळ लावला नाही. "बबनभावजी, लई उशीर केलात," म्हणाल्या आणि पाणी आणायला वळल्या. त्यांना सांगायचं होतं ते चहाबरोबर आलं. "तुमचंच नाव काढायचे. कुणी बी आलं का तेच. म्हणायचे, आख्ख्या बाजारात सगळ्यांचे हात कोरडे, येकट्या बबनचा हात खरा. तुम्ही उगीच वाकडं घेतलंत."

मी चहा प्यालो. बायकोने नवऱ्याबद्दल असं म्हणायचंच असतं. लंगडा बैल सपाटीवर उभा करून दाखवणारे मी पुष्कळ पाहिलेत, म्हणून मी ते निम्म्या भावात घेतलं. पण ते खरं असलं तर? खरं-खोटं सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो माझ्याकडे टक लावून बसला होता.

त्याच्या सुनेच्या हातात रबरी चेंडू होता. उजवी मूठ घट्ट मिटून गेली होती, बोटं तळव्यात रुतली होती. "रोज उघडून व्यायाम द्यायला सांगितलाय डॉक्टरांनी," ती म्हणाली. "पर मामा हात लावून देत न्हाईत. येवढे चिडत्यात, डाव्या हातानं मारत्यात. चिडलं का मूठ आनखी आवळती."

"मी बघू का?" मी म्हटलं.

त्याने मान फिरवली. मी खाटेजवळ सरकलो तर त्याचा डावा हात उठला. मी दोरीवरचा टॉवेल ओढला. तो उलगडून त्याच्या उजव्या हातावर टाकला आणि माझा हात खाली घातला.

सोपानने टॉवेलकडे बघितलं. मग माझ्याकडे. डावा हात खाली आला. तो ताठ बसला, सौद्याला बसायचा तसा, आणि चेहरा दगडासारखा केला. चेहऱ्याचा जेवढा भाग त्याच्या ताब्यात होता, तेवढा.

मी एक एक बोट सोडवत गेलो. जोर लावायचा नाही. नाठाळ बैलाची मान जशी हळूहळू आपल्याकडे वळवतात तसं, थांबत, त्याच्या श्वासाबरोबर. करंगळी सुटली. तिच्याशेजारचं सुटलं. टॉवेलखालच्या भाषेत भाव असतात, हो असतं, नाही असतं. 'का' विचारायला बोट नाही. असतं तरी मी ते दाबलं असतं की नाही, आता सांगता येत नाही.

शेवटी अंगठा बाजूला झाला आणि माझा तळवा त्याच्या तळव्याला लागला.

तो ओला होता. चांगला भिजलेला.

सून म्हणाली, "घाम साचतो आत. मूठ मिटलेली असती ना." तिचं बरोबर असणार. ती रोज बघते. मी सोपानच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्याने नजर हलवली नाही. माझा तळवा तो उभ्या बाजारात एका स्पर्शाने वाचायचा. त्याचा मला कधी वाचायची वेळ आली नव्हती, म्हणून मी शिकलो नव्हतो. नुसता साचलेला घाम कोणता आणि आपल्याला बघून आलेला कोणता, हे मला कळलं नाही. टॉवेलच्या टोकाने मी तो तळवा आतल्या आत पुसला, कुणाला दिसू न देता. मग त्यात रबरी चेंडू ठेवला. त्याने तो दाबला नाही, पण टाकलाही नाही.

जेवण करून निघालो. सून म्हणाली, "पुढच्या आठवड्यात या काका, मामा तुमच्याकडून करून घेत्यात." येतो म्हटलं. येताना गाडीने.

गावाच्या फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभा होतो. तिथल्या चहावाल्याकडे बाजारातले दोन जुने व्यापारी बसले होते. त्यांनी ओळखलं.

"आरं, ओला न्हवं का ह्यो? सोपानकडं गेल्ता व्हय? काय परिस्थिती हाय?"

त्याचा तळवा ओला होता हे मी इथे लिहितो आहे, कारण बाजारातली माणसं वाचत नाहीत.

"बरा हाय," मी त्यांना म्हटलं. "हात अजून कोरडा हाय त्याचा."